आधी शाळा, मग खोली

एप्रिल सरत आला की रविवारच्या वंदनेनंतर विहारात आमच्याकडे दोन प्रकारची माणसे थांबतात. काहींना मुलांचे जातीचे दाखले काढायचे असतात, काहींचे बिऱ्हाड हलायचे असते. सिद्धगडच्या पायथ्याची गावे, आजूबाजूच्या वाड्या, तिकडे शहापूर तालुक्यातली धरणांच्या कडेची खेडी, इथून दर उन्हाळ्यात चार-दोन घरे खाली उतरतात. कोणी मुरबाडला, कोणी आसनगाव-वासिंदला, कोणी टिटवाळा, बदलापूर, उल्हासनगरला. या बिऱ्हाडवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, खोली झाली, डिपॉझिट दिलं. आता पोरांना कुठल्या शाळेत टाकू?" आमचा उलट प्रश्नही ठरलेला : "डिपॉझिट देण्याआधी का नाही विचारलं?"

यावर बहुतेक जण नुसते हसतात. शाळा काय, शहरात कुठेही असते, असे त्यांना वाटते. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर हाच विषय घेतला आहे. ज्यांच्या घरी सहा ते बारा वर्षांची मुले आहेत आणि ज्यांचे येत्या एक-दोन वर्षांत हलायचे चालले आहे, त्यांनी हा अंक जपून ठेवावा. नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावा, कारण खोली पाहायला नवरा एकटा जातो आणि त्या खोलीत दिवस काढायचा असतो बायकोला.

गाव सोडणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. गावगाडा म्हणजे काय चीज आहे हे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी अशा शब्दांत सांगितले, की खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते आजही झोंबतात. शिवाय आपल्या भागात निघण्याचे कारण बहुतेक वेळा मुलांची शाळाच असते. वाडीवर चौथी-पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, एक किंवा दोन गुरुजी, आणि पुढच्या इयत्तेसाठी ओढे-नाले ओलांडून पायपीट. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की शाळा बुडालीच. त्यात पट कमी झाला की शाळेवरच गदा येते. २०१७ साली शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुले शेजारच्या शाळांत हलवण्याचा निर्णय घेतला होता. तेव्हापासून डोंगरातल्या आईबापाच्या मनात धाकधूक आहे ती आहेच.

सिद्धगडचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. २ जानेवारी १९४३ रोजी या गडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. दर २ जानेवारीला तिथे अभिवादनाला गर्दी होते, भाषणे होतात. आझाद दस्ता आणि पाडलेले विजेचे मनोरे सर्वांना पाठ आहेत. परंतु माथेरानच्या नाभिक कुटुंबातला हा वकील भूमिगत होण्यापूर्वी कर्जतच्या बाजूला शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या पोरांसाठी शाळा चालवत होता, हे भाषणांत क्वचित येते. ऐंशीहून अधिक वर्षे उलटली आणि त्याच डोंगराखालची मुले पाचवीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन कल्याणकडे जातात. असो.

आता खोली कशी ठरते ते पाहू. मेहुणा जिथे राहतो तिथे, किंवा कामावरच्या मित्राने सुचवली तिथे. भाडे परवडते का, डिपॉझिट किती, नळ आहे की टँकर, आणि स्टेशनला चालत जाता येते का, एवढे चार प्रश्न विचारले जातात. चारही रास्त आहेत. त्यांत मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र नसतो, आणि तो नसल्यामुळे स्वस्तातली खोली महाग पडते.

आम्ही व्यवसायाने कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. समजा, शाळेजवळच्या खोलीपेक्षा लांबची खोली महिना १५०० रुपयांनी स्वस्त आहे. दोन मुलांच्या रिक्षाचे महिन्याला १६०० रुपये धरा. फायदा तिथेच संपला, वर शंभराचा तोटा. रिक्षा नको, आई सोडायला-आणायला जाईल म्हणाल, तर तिचे सकाळचे अर्धे कामाचे तास गेले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची दोन घरे सुटली, तर काय गेले याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा. तेही नको, मोठी मुलगी धाकट्याला नेईल म्हणाल, तर तो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. मुलगी मात्र तो भरते.

आमच्या परिचयातले एक कुटुंब असेच टिटवाळ्याच्या बाहेरच्या अंगाला राहायला गेले. नवरा ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर, बायको घरकाम करणारी, मुलगी पाचवीत जाणारी, मुलगा पहिलीत. चाळ नवी, भाडे कमी, शेजारी आपलेच. प्राथमिक शाळा जवळ होती, पण ती चौथीपर्यंत. पाचवीसाठी स्टेशनच्या पलीकडच्या हायस्कुलात जावे लागे. मुलगी आधी भावाला सोडी, मग स्वतः निघे. रोज पहिला तास बुडे. बाई रागावत, मुलगी गप्प राही. चाळीत पाणी दुपारी यायचे, तेव्हा आई कामावर. "पाणी येईल तेवढं भरून मग जा गं," असे आठवड्यातून एकदा सुरू झाले, मग दोनदा. दिवाळीनंतर ती शाळेत दिसेनाशी झाली. घरात कोणी तिची शाळा बंद करायची असे ठरवले नव्हते. ठरवणारे जणू खोलीच होती. आमची एक कार्यकर्ती त्या चाळीत महिलांच्या बैठकीला गेली तेव्हा भर दुपारी मुलगी हंडे भरताना दिसली, म्हणून कळले. पुढच्या जूनला त्या कुटुंबाने हायस्कुलापासून दहा मिनिटांवर, आधीपेक्षा लहान आणि महाग खोली घेतली. मुलीचे एक वर्ष गेले. पण आता ती नववीत आहे आणि गणित चांगले आहे तिचे.

हा पाचवीचा खड्डा नीट समजून घ्यावा. आपल्या राज्यात जुन्या पद्धतीने शाळांचे तुकडे चौथी आणि सातवीला पडतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा प्राथमिक धरतो ती पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. प्रत्यक्षात जवळची शाळा कोणत्या इयत्तेला संपते हे पाहिल्याशिवाय खोली ठरवू नये. धाकट्याची शाळा दाराशी असली तरी थोरलीची कुठे आहे ते विचारावे. थोरली मुलगी असेल तर दोनदा विचारावे.

खोली आणि शाळा यांत आधी शाळा, हा काही आम्ही लावलेला शोध नाही. रामजी सुभेदारांचे उदाहरण आपल्या घराघरांत आहे, पण आपण ते भीमरावांचे चरित्र म्हणून वाचतो, एका बापाच्या बिऱ्हाडाची हकिकत म्हणून वाचत नाही. महू, दापोली, सातारा, मुंबई असा त्यांचा प्रवास. साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच सगळ्यांची निजानीज. मुलाला लवकर निजवायचे आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे, अशी युक्ती बापाने काढली. पण शाळा कोणती निवडली? एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेले. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकले. खोलीत काटकसर केली, शाळेत केली नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

याच हकिकतीचा दुसरा भागही विसरू नये. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि नळाला हात लावता येत नसे. एल्फिन्स्टनमध्ये फळ्याकडे जायला सांगितले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला वर्गातली मुले धावली. नावाजलेली शाळा निर्मळ असतेच असे नाही. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा ऑफिसात फीचा कागद घेऊन परत येऊ नका. मधल्या सुट्टीत जा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर पोषण आहाराची पंगत पाहा. कोण कोणाशेजारी बसले आहे, वाढते कोण, ताटे धुते कोण, वर्ग झाडायला नेहमी त्याच मुलांना सांगतात का. एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

मग मुलींचे स्वच्छतागृह पाहा. आहे का, एवढ्यावर थांबू नका. कुलूप आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का, हे आईने आत जाऊन पाहावे. सातवी-आठवीच्या मुली शाळा सोडतात त्यामागे हेही एक कारण असते. पुरुष मंडळी ते बोलायला लाजतात. तिसरे, वर्ग किती आणि शिक्षक किती. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक आणि आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मुख्याध्यापकांना आदराने विचारले तर ते सांगतात. न सांगणाऱ्या शाळेबद्दल आपण काय समजायचे ते समजावे.

माध्यमाचा वाद घराघरांत आहे. इंग्रजी आपल्या मुलांना आलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण बंगल्याच्या तळमजल्यावर सहा खोल्या, बाहेर ‘इंटरनॅशनल’ची पाटी, आतल्या शिक्षिकेला पाच-सहा हजार पगार आणि शाळेला मान्यता नाही, अशी इंग्रजी शाळा आम्हांला नको. शिक्षण खाते दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या काढते आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातली नावे त्यांत असतात. प्रत्येक मान्य शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तो विचारावा. देताना चाचपडले तर पैसे भरू नयेत. आमच्या मते लहान मुलांसाठी चालत जाण्याच्या अंतरावरची, सेमी इंग्रजीचे वर्ग असलेली, जुनी अनुदानित शाळा ही गरिबाला परवडणारी सर्वांत चांगली निवड आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होते, आणि घरी आईला इतिहास-भूगोल तरी विचारता येतो. आमचे काही तरुण मित्र यावर आमच्याशी भांडतात. त्यांनी भांडावे.

खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचे मात्र सर्वांनी मनावर घ्यावे. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. तेव्हा जागा आहेत. पण इथेच खोलीचा संबंध येतो. अर्ज बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच भरून घेतात आणि सोडत घराच्या अंतरावर चालते. भाड्याने राहणाऱ्यांचा पत्ता धरला जातो तो दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या भाडेकरारावर. शंभराच्या कागदावर घरमालकाने सही करून दिलेली चिठ्ठी चालत नाही. आपली माणसे मे महिन्यात खोली घेतात, जूनमध्ये जागे होतात, तेव्हा सोडत होऊन गेलेली असते. ज्याचे पहिलीचे मूल आहे त्याने आधीच्या दिवाळीनंतर खोली पाहावी आणि करार नोंदवून घ्यावा. नोंदणीच्या खर्चाला घरमालक का-कू करतात. तो खर्च निम्मा आपण उचलू म्हणावे, पण करार सोडू नये.

आणखी एक, मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीला पूर्ण फी उभी राहते. सात-आठ वर्षांनी ती भरणार कशी, याचा विचार पहिलीच्या वेळीच करायला हवा. बसभाडे आणि सहलीचे पैसे तर पहिल्या दिवसापासून मागतात.

जागा कुठली बरी, हेही लोक विचारतात. आमचा स्पष्ट कल असा, की मुले लहान असताना एकदम कल्याणपलीकडे उडी मारू नये. मुरबाड आणि शहापूर ही तालुक्याची गावे मधला टप्पा म्हणून चांगली आहेत. दोन्हीकडे बारावीपर्यंतची आणि पुढची सोय आहे, दवाखाना आहे, गावची जमीन-घर नजरेत राहते आणि आजी-आजोबा अधूनमधून येऊन राहू शकतात. लहान मुलाच्या घरात आजी असणे म्हणजे काय, हे ज्यांची आई कामाला जाते त्यांना सांगायला नको. मुरबाडला रेल्वे नाही, सारी भिस्त एस.टी.वर आणि जीपवर. बापाला रोज कल्याण गाठायचे तर हाल आहेत. शहापूरकरांना आसनगाव स्टेशन आहे, पण तिथून मुंबईचे सीएसएमटी ८६ किलोमीटर. पहाटे निघालेला बाप मुलांना जागेपणी रविवारीच दिसतो. टिटवाळा ६४, बदलापूर ६८ किलोमीटर, तेवढाच तासभर वाचतो. यातला प्रवास बापाने सोसावा की मुलांनी, एवढाच प्रश्न असेल तर आमचे उत्तर बापाच्या विरुद्ध आहे.

पाण्याचेही पाहा. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या खेड्यांना टँकर. तेच नशीब स्वस्त चाळींचे. पाणी कोणत्या वेळी येते हे विचारा, कारण ती वेळ आणि शाळेची वेळ एक असेल तर काय होते ते वर सांगितलेच आहे. उल्हास आणि वालधुनीच्या काठची खोली असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा की २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते. ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

आता नाजूक विषय. आपल्या वस्तीत राहावे की मिश्र सोसायटीत? आपल्या वस्तीत मायेची माणसे असतात. मुलगा शाळेतून आला आणि दाराला कुलूप असले तरी कोणीतरी मावशी त्याला दोन घास घालते. विहार असेल तर संध्याकाळचा अभ्यासवर्ग असतो. पण दाटीवाटी आणि गोंगाटही असतो. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आणि आपल्या मंडळांचे स्पीकरही एप्रिलमध्ये. ज्या बाबासाहेबांनी रात्र रात्र जागून अभ्यास केला त्यांच्याच जयंतीच्या आवाजात चौथीच्या पोराचा पेपर बुडतो, हे आम्ही मंडळाच्या बैठकीत बोललो तर काही जण रुसले. मिश्र वस्तीत शांतता मिळते, मुलांची भीड चेपते, पण खोली मागताना आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग गावातली आळी. "घरात पूजा कोण करतं?" हेही एका घरमालकाने आमच्या सहकाऱ्याला विचारले आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि फार थोड्यांना ते ठाऊक असते. अर्थात लहान मुले घेऊन त्याच घरमालकाशी भांडून त्याच्याच खोलीत राहायला जा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. तक्रार करावी आणि खोली दुसरीकडे घ्यावी. आमची पसंती विचाराल तर शाळेच्या वाटेवर असलेली आपली वस्ती, नाहीतर आपली निदान दोन-चार घरे असलेली मिश्र चाळ. मुलांना खेळायला सगळ्यांची पोरे मिळावीत आणि अडीअडचणीला हाक मारायला एक आपले दार असावे.

वर लिहिले ते ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी. सिद्धगडच्या बाजूची कातकरी आणि ठाकर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसापर्यंत. त्यांना जागा मालक दाखवतो, तीही भट्टीशेजारचा भोंगा. त्यांच्या मुलांचे प्रत्येक वर्ष मध्येच तुटते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून या मुलांकडे सरकारचे लक्ष वेधले. आज कायदा सांगतो की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवले पाहिजे. आपल्या राज्यात अशा मुलांना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. आपल्या बौद्धवाडीतल्या शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. शेजारच्या कातकरीवाडीतले लोक भट्टीला निघण्याआधी गुरुजींकडून कार्डे भरून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

शेवटी कागदपत्रे. बिऱ्हाड हलवताना पत्र्याची पेटी, गॅस, पंखा सर्व आठवते. शाळेच्या रजिस्टरातला उतारा राहतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, त्या गावच्या रहिवासाचा आणि जातीचा पुरावा लागतो. दाखलाही मूळ गावच्या प्रांत कार्यालयातून काढावा लागतो, राहत्या शहरातून मिळत नाही. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरातली त्यांची नोंद हाच सर्वांत भक्कम पुरावा. शाळा बंद पडली किंवा दुसरीत मिळवली की ही रजिस्टरे हलतात, काहींना वाळवी लागते. तेव्हा गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी आजोबा, वडील आणि मुले अशा तिन्ही पिढ्यांचे उतारे घ्यावेत, दोन-दोन प्रती.

नव्या शाळेत नाव घालताना रकाने स्वतः तपासावेत. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात पूर्वीची जात असावी. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या, त्या मूळ जातीच्या आधारावरच. जात लिहायला अनेकांच्या जिवावर येते. आम्हांलाही ते गोड वाटत नाही. तथापि कोरा सोडलेला रकाना मुलाला दहावीनंतर प्रवेशाच्या खिडकीशी अडवतो, आणि मुलाने शाळा सोडल्यावर नोंद दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते. वडिलांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ, आडनावाचे इंग्रजी अक्षर, जन्मतारीख, हे सारे जुन्या दाखल्याशी जुळवून पाहावे आणि मगच सही करावी. क्लार्क घाईत असतो. आम्ही त्याच जातकुळीचे, म्हणून खात्रीने सांगतो.

गावच्या शाळेचा दाखला आणि हे उतारे एप्रिलमध्येच मागून घ्यावेत. मे महिना उजाडला आणि शाळेला कुलूप लागले, की गुरुजी त्यांच्या गावी जातात ते जूनच्या मध्यालाच परत येतात.